ओळख पटली

निद्रांगण प्रयोगशाळेच्या दालनात शिरलं, की समोरच्या भिंतीवर माणसाच्या उंचीच्या अक्षरांत एक वाक्य दिसे : 'रडणं ही फक्त सवय आहे.' वाक्य डॉ. हेरंब दामले यांचं होतं. ज्याने स्वतःच्या लेकीलाही कधी पाच मिनिटांच्या वर खांद्यावर घेतलं नव्हतं, त्यालाच हे सुचणार.

पुण्याच्या पश्चिमेला असलेल्या या प्रयोगशाळेत त्यांनी 'निद्रासारथी' तयार केला होता. म्हणजे पाळणाच, पण पाळणा म्हटलं की डॉक्टरांच्या कपाळावर आठी पडायची. दोन वर्षांत महाराष्ट्रात आजोळाकडून बारशाला दुसरं काही देण्याची सोयच उरली नव्हती. बाळाची रात्रीची झोप, सकाळची डुलकी, दुपारची डुलकी, सगळं तो लावून देई आणि त्याचा आलेख आईबापांच्या फोनवर पाठवी. हुशार बाळांचे आलेख सरळ रेघेसारखे असत. मग त्या रेघा सोसायटीच्या ग्रुपवर पडत आणि ज्यांच्या रेघेला उंचवटे असत ते आईबाप तोंड लपवून फिरत. अशा लोकांना मुलं कशाला हवी असतात, हा प्रश्न विचारण्यात अर्थ नव्हता. त्यांना रेघ हवी होती.

त्या दिवशी डॉक्टरांसमोर बालरोगतज्ज्ञ ताहेरा मुजावर बसल्या होत्या. मूळच्या मिरजेच्या, बोलायला फटकळ.

"माझ्याकडे येणारी तुमच्या पाळण्यातली मुलं दुधासाठी उठत नाहीत," त्या म्हणाल्या. "झोपेतच आया त्यांना पाजतात. वजनं वाढत नाहीत. सुई टोचली तर ओठ काढतात आणि गप्प बसतात. डॉक्टर, भुकेला रडत नाही ते बाळ शहाणं नसतं, आजारी असतं."

"तुम्ही आमचं तत्त्व समजून घ्या," हेरंब म्हणाले. समोरच्याला काही कळत नाही असं वाटलं, की ते मुद्दाम सावकाश बोलत. "इतरांची यंत्रं बाळावर बाहेरून वेळापत्रक लादतात. आम्ही काहीच लादत नाही. प्रत्येक बाळाचा झोपेचा एक उपजत ताल असतो, आम्ही त्याला मूलताल म्हणतो. बाळाला पहिल्यांदा पाळण्यात ठेवलं, की पाळणा ते किती हलतं, किती आवाज करतं, ते मोजून मूलताल ठरवतो. ओळख पटली, असं स्वतः सांगतोसुद्धा. पुढे बाळ त्या तालापासून ढळलं, की झोका, ऊब आणि मंद्रनाद देऊन त्याला परत तालावर आणतो. बास."

"आणि भुकेने उठलं तर?"

"मूलतालात उठणं असेल तर पाळणा थांबतो, रडू देतो. नसेल, तर ते उठणं म्हणजे नुसती चुळबूळ. तो थोपटत राहतो."

"हा मूलताल नंतर बदलता येतो?"

"अजिबात नाही!" हेरंबांचा चेहरा खुलला. "ती कुलूपबंद व्यवस्था माझी. नाहीतर प्रत्येक आजी येऊन बदलणार. घरच्यांनी लाडावण्याआधी बाळ जसं असतं, तेच खरं."

"पण आत बाळच आहे, हे पाळण्याला कसं कळतं?"

हेरंब मनापासून हसले. "मॅडम, पाळण्यात बाळाशिवाय कोण निजणार? वजन पडलं, की तो मोजायला लागतो."

ताहेरा हसल्या नाहीत. "कर्नाटकातून, तमिळनाडूतून अशा तक्रारी नाहीत म्हणे."

"कारण तिथे पाळणा चालतच नाही. तिथली मुलं उठतात, रडतात, वाटेल ते करतात." हेरंबांनी आवाज खाली आणला. "माझा निबंध येतोय त्यावर. महाराष्ट्रीय अर्भकांची उपजत शिस्त. मातीतच आहे आपल्या."

सरहद्दीच्या अलीकडे जन्मलं की मूल शिस्तीचं आणि पलीकडे जन्मलं की बेशिस्त, हा शोध लावायला परदेशी विद्यापीठाची पदवी लागली होती. ताहेरांना हसावं की काय करावं ते कळेना. त्या उठल्या आणि दाराशी थांबल्या.

"तुमची रेणूही त्यातच आहे. चौथा महिना लागला आणि वजन मागच्या वेळेइतकंच आहे. तिला आठवडाभर तरी पाळण्याबाहेर ठेवा."

"आणि तिचा ताल बिघडवू? उद्या पाहुण्यांना काय दाखवू?"

रेणू हे डॉक्टरांचं प्रदर्शनातलं बाळ होतं. दिल्लीचे, सिंगापूरचे लोक घरी येऊन तिचं निजणं पाहून जात. तिची आई शाल्मली दार उघडी, चहा देई आणि पाहुणे गेले की पाळण्यापाशी बसून राही. लेकीचं रडणं तिने शेवटचं पहिल्या महिन्यात ऐकलं होतं. एकदा तिने नवऱ्याला ते बोलूनही दाखवलं.

"मला भीती वाटते रे. ती माझ्याकडे काही मागतच नाही."

"लोक यासाठी पैसे मोजतात आणि तुला भीती वाटते," हेरंब म्हणाले आणि फोनवरची रेघ बघत आंघोळीला गेले.

पुढच्या रविवारी शाल्मलीच्या धाकट्या बहिणीच्या, मैथिलीच्या मुलाचं बारसं होतं. ताहेरा दोन्ही घरच्या डॉक्टर, म्हणून त्यांनाही बोलावणं होतं. अशा आमंत्रणांना त्या एरवी जेवणाच्या वेळी टेकत. त्या दिवशी लवकर आल्या, कारण रेणूला बघायचं होतं. शाल्मलीच्या मांडीवर रेणू जागी होती, डोळे उघडे, आणि वीस बायकांच्या गलक्यात हूं की चूं करत नव्हती. "किती गुणाची गं!" असं प्रत्येक बाई म्हणून गेली. ताहेरांनी रेणूचं मनगट दोन बोटांत धरून पाहिलं आणि त्यांचा संताप संताप झाला.

बाहेरच्या खोलीत हेरंब पुरुषमंडळींना मूलताल समजावत होते. आत फुलांनी सजवलेला कोराकरकरीत निद्रासारथी उभा होता. मैथिलीची सासू स्वयंपाकघरातून वरवंटा घेऊन आली. तो धुऊनपुसून त्याला कुंची घातली होती. बाळ दगडासारखं दणकट व्हावं म्हणून आधी वरवंट्याला पाळण्यात निजवायचं, मग बाळाला. एका बाईने तो पाळण्याखालून दिला, दुसरीने वरून घेतला, आणि हसतखिदळत सगळ्यांनी त्याला गादीवर ठेवलं. कुणीतरी पाळणा म्हणायला घेतला. सगळी कडवी म्हणून होईपर्यंत वरवंटा आत पडून राहिला.

तेवढ्यात निद्रासारथी गोड आवाजात म्हणाला, "ओळख पटली. ये बाळा, नीज."

बायकांनी टाळ्या वाजवल्या. मैथिलीची सासू म्हणाली, "बघा, यंत्रालासुद्धा कौतुक!" कुणालाही काही वावगं वाटलं नाही. लहानपणापासून जे पाहत आलो ते नव्याने कोण पाहतो? ताहेरांनी मात्र हे पहिल्यांदाच पाहिलं होतं.

"शाल्मली," त्यांनी हळूच विचारलं, "रेणूच्या बारशालाही हे केलं होतं?"

"हो. सगळेच करतात." एवढं बोलली आणि शाल्मलीने रेणूला घट्ट धरलं. तिला पुढचं सांगावं लागलं नाही.

ताहेरा तडक बाहेरच्या खोलीत गेल्या. "डॉक्टर, आत या. पाळण्यात बाळाशिवाय कोण निजतं ते दाखवते."

हेरंब आले. कुंची घातलेल्या वरवंट्याकडे पाहिलं, पाळण्याच्या कडेला लागलेल्या हिरव्या दिव्याकडे पाहिलं. रेणूच्या बारशाला ते याच वेळी असेच बाहेरच्या खोलीत भाषण देत होते.

"वरवंट्याचा मूलताल काय असेल हो?" ताहेरांनी विचारलं. "हलणं नाही. आवाज नाही. भूक नाही. आणि तुमचं यंत्र दोन वर्षं माझ्या पेशंटांना त्या तालावर आणतंय. बाळ भुकेने कुरकुरलं की थोपट, पुन्हा कुरकुरलं की पुन्हा थोपट. शेवटी त्यालाही कळतं, की मागून उपयोग नाही. मातीतली शिस्त म्हणे! दगडातली आहे ती."

हेरंब म्हणाले, "पण आलेख..."

त्या संध्याकाळपासून शाल्मलीने रेणूला जमिनीवर गोधडीत, आपल्या कुशीत निजवायला सुरुवात केली. ताहेरांच्या सांगण्यावरून ती तिला जागं करून पाजी. पहिले काही दिवस रेणू नुसती आढ्याकडे बघायची. शाल्मली तिच्याशी बोलायची, तिला हलवायची, आणि मोरीत नळ सोडून स्वतः रडून घ्यायची. मग एका सकाळी तिला दूध द्यायला उशीर झाला आणि रेणूने ओठ काढला. आई काय करते ते पाहत ती थांबली. आई धावत आली. तेव्हा तिने जो टाहो फोडला, तो खालच्या मजल्यापर्यंत गेला. शाल्मलीने तिला छातीशी लावलं आणि त्याच भरात ताहेरांना फोन लावून तो आवाज ऐकवला.

निद्रांगणने चूक जाहीर केली आणि जुने पाळणे बदलून द्यायचं ठरवलं. नवे यंत्र तेच होतं, फक्त 'आधी बाळालाच निजवा' अशी चिठ्ठी वर चिकटवली होती. नवे पाळणे घरोघरी पोचले आणि आठवड्याभरात प्रयोगशाळेच्या फाटकाशी रांग लागली. हेरंबांना वाटलं, लोक चिडून आलेत. लोक चिडलेच होते, पण नवे पाळणे परत करायला आले होते. नव्यात मुलं रडतात, उठतात, रेघेला उंचवटे येतात! आम्हाला जुनाच बरा होता, असं ते तावातावाने सांगत होते. एका बापाने तर, वरवंटा नेमका केवढा घ्यायचा, असं सगळ्यांदेखत विचारलं. बाकीचे कान टवकारून उत्तराची वाट पाहत होते.

हेरंबांच्या घरीही नवा पाळणा आला होता. शाल्मलीने तो खोक्यातून काढू दिला नव्हता. रेणू आता चार महिन्यांची थकबाकी वसूल करत होती. निबंध बारगळला होता, दिल्लीचे पाहुणे दुसऱ्या दिवशी यायचे होते, आणि हेरंबांचं डोकं भणभणत होतं.

दुपारी शाल्मली आतल्या खोलीत दार लोटून रेणूला पाजत होती. रेणू अधाशासारखी पीत होती, मधेच थांबून आईच्या मंगळसूत्राशी झटापट करत होती. स्वयंपाकघरात काहीतरी दगडासारखं घासल्याचा आवाज आला. मग थोडा वेळ सगळं शांत होतं.

"ओळख पटली," बाहेरून गोड आवाज आला. "ये बाळा, नीज."

शाल्मलीने कुशीतल्या रेणूकडे पाहिलं.

ती तिला घेऊन बाहेर आली. खोकं फाडलेलं होतं. नव्या पाळण्यात रेणूची कुंची घातलेला वरवंटा होता आणि हेरंब त्याला झोका देत होते.

"उद्याच्या दिवसापुरतं गं," ते म्हणाले. "फक्त पाहुणे येऊन जाईपर्यंत."

एका हाताने रेणूला सावरत शाल्मलीने वाकून दुसऱ्या हाताने वरवंटा उचलला आणि नवऱ्याच्या हातांत ठेवला. वजनाने ते किंचित वाकले.

"हे घे तुझं," ती म्हणाली. "रडत नाही, उठत नाही, काही मागत नाही. पाहुण्यांना दाखव. मी माझं घेऊन चालले."

रेणूचं दूध अर्धवट राहिलं होतं. शाल्मली जिना उतरेपर्यंत ती रडत होती.