आतल्या शिवणीतली लाल गाठ

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण हे माझ्याच हाताखालून गेलंय, आणि भुताखेतांचं मला कधीच कौतुक नव्हतं.

सोमवार होता. संग्रहालयाला सुट्टी. दुपारचे दोन वाजलेले. राजघराण्याच्या जुन्या कपड्यांचं दालन, आणि त्यात मी एकटी. माझं काम रफूचं.

टेबलावर राणीचा झगा होता. आठवड्यानं प्रदर्शन. पाटीही छापून आली होती, 'राणीसाहेबांनी स्वतःच्या हातांनी शिवलेला झगा.'

मी झगा उलटा केला आणि मला हसूच आलं.

काखेतल्या शिवणीत लाल दोऱ्याची गाठ होती. तीन वेढ्यांची. पोटासाठी शिवणाऱ्या बायका अशी खूण आत सोडायच्या. माझी आईही सोडायची. राणी कशाला सोडेल?

शेजारच्या खोलीत बसलेल्या दालनाच्या प्रमुख बाईंना दाखवलं.

"कापून टाक," त्या म्हणाल्या. "पाटी छापून झालीये."

मी कापली. वर साधे टाके घातले. नोकरी होती ना! त्याची लाज अजून वाटते.

आणि तेवढ्यात मागे कुणीतरी... दातांनी दोरा तोडला.

कट्.

मी वळले.

कुणीच नाही.

मंगळवारी बाईंनी दालनाचं कुलूप उघडलं. किल्ली त्यांच्याच पर्समध्ये असते. झग्यावरचे फक्त माझे टाके उसवलेले. कापडाला ओरखडा नाही. आणि काखेत...

लाल गाठ.

"चेष्टा करतेस?" बाईंनी डोळे वटारले. पुन्हा कापायला लावली.

बुधवारी पुन्हा तेच.

अंगावर सर्रकन काटा आला. पण रागही आला, आणि राग जास्त होता.

"अगं, माझ्यावर कशाला दात धरतेस?" मी रिकाम्या दालनात ओरडले. "हिंमत असेल तर समोर ये!"

टेबलाखालून... एक रीळ घरंगळत आलं. माझ्या पायाशी थांबलं.

लाल दोऱ्याचं. आमच्याकडे लाल दोरा नव्हताच.

बाई दारात उभ्या होत्या. त्यांनीही पाहिलं. चेहरा पांढराफटक. तरी म्हणाल्या, "काप."

मी कात्री त्यांच्यापुढे धरली. "तुम्हीच कापा. काम तिचं, खूण तिची. मी हात लावणार नाही."

"मग उद्यापासून येऊ नकोस."

"बरं."

कात्री मात्र त्यांनी घेतली नाही.

प्रदर्शनाला मी तिकीट काढून गेले. झगा काचेत. पाटी तीच. भोवती गर्दी.

"खोटं आहे!" मी मोठ्यानं म्हणाले. "हा पगारी बाईनं शिवलाय. काखेत तिची खूण आहे, उलटून बघा!"

पहारेकऱ्यानं मला बाहेर काढलं. काढू दे.

घरी येऊन ब्लाउज बदलला. मीच शिवलेला, सकाळपासून अंगात असलेला. खूण मी कधीच सोडत नाही. आईनं शिकवली होती, मलाच तो गावंढळपणा वाटायचा.

काखेतल्या शिवणीत... तीन वेढे. लाल.

तो ब्लाउज घालताना अजून आधी काख उलटून बघते, हे कबूल. पण ती गाठ मी कापलेली नाही.

कापणारही नाही.