न्येपीच्या दिवशी बसवलेली डिस्क

यातलं एक अक्षरही मी रचलेलं नाही. रचलं असतं, तर शेवट तरी जरा बरा केला असता.

माझं नाव वियादी. मी जावाचा, केतापांग बंदराजवळचा. समोर अरुंद समुद्र, पलीकडे बाली. पोटासाठी तेव्हा मी बालीत, तबानान गावात एका नेट कॅफेत कामाला होतो.

साल २००९. दिवस न्येपीचा.

न्येपी म्हणजे बालीचं नवं वर्ष. त्या दिवशी अख्खं बेट गप्प बसतं. चूल नाही, दिवा नाही, काम नाही, रस्त्यावर माणूस नाही. बोटीसुद्धा बंद. आदल्या संध्याकाळी भांडी बडवून, मशाली नाचवून भुताखेतांना उठवतात आणि दुसऱ्या दिवशी अशी सामसूम करतात, की वरून जाणाऱ्यांना वाटावं, इथे कुणी राहतच नाही.

आमचं दुकानही वर्षात तेवढा एकच दिवस बंद असायचं. आणि मला तेच हवं होतं.

आमच्याकडे बारा कॉम्प्युटर आणि लाइन एकच, तीही रडकी. म्हणून मागच्या खोलीत एक जुनी पेटी होती, फायरवॉलची. सगळं येणं-जाणं तिच्यातून. एका गिऱ्हाइकाने एखादं पान उघडलं की ती ते साठवून ठेवायची. दुसऱ्याने तेच मागितलं, तर बाहेर जायची गरज नाही. पेटीच पोटातून काढून द्यायची. जसंच्या तसं.

पण पेटीची डिस्क भरली होती. दुसरी बसवायची होती, खास त्या साठवणीसाठी.

मालक होते ब्ली रावी. ब्ली म्हणजे तिकडचं दादा. आदल्या संध्याकाळी ते शटर ओढायला आले, तेव्हा मी डिस्क पुसत बसलो होतो.

"उद्या हात लावू नकोस हं त्याला," ते म्हणाले. "परवा कर."

"परवा पहाटे मी घरी निघणार, ब्ली. लस्मीचे दिवस भरलेत. पोरं ओरडतात तुमच्यावर, गेम अडकतो म्हणून. मी नसताना कोण करणार? तुम्ही?"

"मला प्लग लावता येत नाही, माहितीये ना तुला?"

"म्हणून तर. आणि मी काय बालीचा आहे? मला कसली आलीय न्येपी?"

ब्ली रावी हसले नाहीत.

"तू बालीचा नाहीस, हे त्यांना कोण सांगणार?"

मी मात्र हसलो. त्यांनी केळीच्या पानात बांधलेला भात आणि सोयाबीनचं तळलेलं तेंपे माझ्या हातात दिलं, शटर ओढलं आणि बाहेरून कुलूप घातलं. मागचं दार तेवढं आतून कडीचं होतं. मी दुकानातच राहायचो, त्यामुळे त्यात नवीन काही नव्हतं.

सकाळ झाली.

मी सगळी काळजी घेतली होती. फटींना कागद लावले. स्क्रीनवर लुंगी टाकली. फोन मुका केला. पंखाही लावला नाही. घामाने निथळत मी पेटी उघडली, तर आत कित्येक वर्षांची धूळ. तोंडावर हात दाबून खोकलो.

पट्टीसारख्या वायरीला दुसरी डिस्क जोडली, चार स्क्रू आवळले, पेटी चालू केली.

आणि एक गोष्ट मी साफ विसरलो...

ती पेटी सुरू होताना गाते.

टूं... टिं... टीं!

तीन सूर, चढत जाणारे. रोज सकाळी ऐकून कान इतके सरावले होते, की ते आहेत हेच मी विसरलो होतो. पण त्या दिवशीच्या शांततेत ते गल्लीच्या टोकापर्यंत गेले असणार.

मी घाईघाईने आतल्या भोंग्याची वायर उपटली. जीभ चावली. झालं ते झालं, म्हटलं, आणि बसून राहिलो.

गल्लीत कुत्री भुंकत होती. न्येपीला कुत्र्यांना कोण गप्प करणार? भिंतीवरची पालही मघापासून ओरडत होती.

पाल थांबली.

मग कुत्री थांबली. सगळी. एकदम.

आणि शटरच्या बाहेरून...

टूं... टिं... टीं.

उपटलेली वायर माझ्या हातात होती.

आणि हा आवाज यंत्राचा नव्हता. तोंडाने काढलेला होता. एखादं नवीन गाणं शिकताना माणूस गुणगुणून बघतो ना, तसा.

कुणाचं तरी पोर असेल, मी स्वतःला समजावलं. पण त्या दिवशी कुठलंही पोर रस्त्यावर नसतं.

तेवढ्यात फोन थरथरला. लस्मी, माझी बायको. मला ती मास म्हणते, आमच्या जावात नवऱ्याला तसंच म्हणतात. माझ्या फोनमधले पैसे संपले होते, म्हणून तीच करायची.

"अहो मास, जेवलात का?"

मी लुंगीत तोंड खुपसलं. "हळू बोल. जेवलो."

"इतकं हळू? चोरी करताय की काय?"

तिचा आवाज ऐकून जिवात जीव आला. थट्टा सुचली.

"उद्या दारात उभा राहून हाक मारीन. लस्मी, मी आलोय..." धुळीने पुन्हा खोकला आला. "दार उघड."

"उघडते हो, उघडते. आधी या तर खरं."

तिने फोन ठेवला. घरात ती एकटीच होती. सासूबाई दोन दिवसांनी यायच्या होत्या.

मी कामाला लागलो. नवी डिस्क कोरी करून घेतली, साठवणीचे कप्पे पाडले. स्क्रीनवर बघितलं. डिस्क रिकामी. असणारच. बाहेरची लाइन मीच काढून ठेवलेली. बाराही कॉम्प्युटर बंद.

पुन्हा बघितलं.

डिस्क भरत होती.

कोण मागत होतं? काय साठत होतं? पेटीवरचा लाल दिवा लुकलुकला...

आणि कॉम्प्युटरच्या खोलीतून, आतून, खोकल्याचा आवाज आला.

माझा खोकला.

मी दारातून डोकावलो. बारा खुर्च्या, बारा काळे पडदे. कुणी नाही. भर दुपार होती. फटीतल्या कागदांमधून ऊन झिरपत होतं.

मागे दिवा लुकलुकला.

"लस्मी, मी आलोय..."

खोकला.

"दार उघड."

माझाच आवाज. तीच थट्टा. खोकलाही त्याच जागी.

दिवा. मग पुन्हा तेच. मग पुन्हा. प्रत्येक वेळी जरा जास्त साफ. आधी त्यात लुंगीतला दबलेपणा होता. मग तोही गेला.

माझ्या तोंडून किंकाळी फुटणार होती. मी मूठ तोंडात कोंबली. एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. इथे आवाज काढला, की तो साठतो. जो शब्द मी बोलेन, तो त्याचा होईल.

मी पेटीकडे झेपावलो आणि डिस्कची वायर खेचून काढली. दिवा विझला.

आवाज थांबला नाही.

फक्त सरकला. कॉम्प्युटरच्या खोलीतून छपरावर. छपरावरून शेजारच्या नारळांवर. मग आणखी लांब... पश्चिमेला.

पश्चिमेला समुद्र. समुद्रापलीकडे केतापांग.

ते माझ्यासाठी आलंच नव्हतं.

मी फोन उचलला. पैसे नाहीत. रिचार्जची दुकानं बंद. बोटी बंद. गाड्या बंद. मागच्या दाराची कडी काढली आणि गल्लीत पळालो. दहा पावलांवर ब्ली रावी उभे. कमरेला काळं-पांढरं चौकड्याचं वस्त्र, हातात काठी. त्या दिवशी वस्तीच्या गस्तीवर त्यांचीच पाळी होती.

"आत हो, वियादी!" ते दबक्या आवाजात खेकसले.

मी बोललो नाही. हातवारे केले. फोन, फोन!

"माझा फोन बायकोकडे आहे. ती नदीपलीकडच्या वस्तीत, माहेरी. आज हद्द ओलांडता येत नाही. मलासुद्धा नाही." मग ते जवळ आले. "मघाशी ते तीन सूर तूच वाजवलेस?"

मी मान डोलावली.

त्यांनी डोळे मिटले. "तेव्हापासून वस्तीतलं एक कुत्रं भुंकलेलं नाही."

मग त्यांना काय वाटलं कुणास ठाऊक. ओरडले नाहीत की घालून पाडून बोलले नाहीत. मला आत ढकललं आणि मागच्या पायरीवर, दाराला पाठ लावून बसून राहिले. दाराच्या फटीतून त्यांचा श्वास ऐकू यायचा. तेवढाच आधार.

दिवस बुडताना फोन थरथरला.

लस्मी!

बोलायचं की नाही? बोलायलाच हवं. मी तोंड उघडलं, पण तीच आधी बोलली. हसत होती.

"काय हो मास! उद्या येणार म्हणालात आणि आजच? दारात उभे राहून हाका काय मारताय, फोन काय उचलताय... थांबा, उघडते."

"नको! लस्मी, नको!"

कडी सरकल्याचा आवाज आला. दार करकरलं.

आणि फोन बंद पडला.

ती रात्र मी कशी काढली, ते विचारू नका. ना दिवा, ना आवाज, ना जाण्याची सोय. उंदीर पिंजऱ्यात निदान धडका तरी मारतो. मला तेही करता येत नव्हतं.

न्येपी संपताच ब्ली रावींनी स्वतः मोटारसायकल काढली. मला बंदरापर्यंत सोडलं. निघताना एवढंच म्हणाले, "पोहोचलास की कळव रे." पहिल्या बोटीवरून मी ती डिस्क समुद्रात फेकली. बुडताना बघितली.

घरी पोहोचलो. दार बंद होतं.

"लस्मी! मी आलोय, दार उघड!"

आत हालचाल झाली. पण दार उघडलं नाही.

"लस्मी!"

"नाही उघडणार." आवाज कापत होता, पण तिचाच होता. जिवंत होती! मी कपाळ दाराला टेकवलं.

"काल उघडलं होतं," ती आतून म्हणाली. "बाहेर कुणी नव्हतं. लावून घेतलं, तर पुन्हा हाक. रात्रभर तीच हाक. मी विचारलं, काय आणलंत? पुन्हा तेच. बाळाचं नाव काय ठेवायचं? पुन्हा तेच. आणि खोकला त्याच जागी. तुम्ही मास असाल, तर आजवर कधीच बोलला नाहीत असं काहीतरी बोला."

लग्नाच्या बायकोशी कधीच न बोललेलं काय असतं?

"तुझी सांबालची चटणी फार तिखट असते," मी म्हणालो. "लग्न झाल्यापासून डोळ्यांतून पाणी काढून खातोय. बोललो नाही कधी."

आतून आलेला हुंदका की हसू, कळलं नाही. कडी निघाली.

आठवड्याने मुलगी झाली. सेकार. मी बालीला परत गेलो नाही.

त्यानंतर आमच्या घराचा एक नियम झाला. बाहेरून येणाऱ्याने दाराशी काहीतरी नवं बोलायचं, कधीच न बोललेलं. मगच कडी निघणार. शेजारी हसतात. सेकारसाठी तर तो खेळच झाला. ती रोज दाराआड उभी राहून ओरडते, "बाबा, नवं सांगा!" आणि मी दिवसभर काहीतरी शोधून ठेवतो.

इतकी वर्षं ते जमलं. अधूनमधून संध्याकाळी ती जुनी हाक यायची. खोकला त्याच जागी. आम्ही दिवा मोठा करायचो आणि जेवत राहायचो. माणसाला कशाचीही सवय होते.

मागच्या आठवड्यात आम्ही जेवायला बसलो होतो. मी, लस्मी, सेकार. तिघंही घरात.

दारावर थाप पडली.

"लस्मी, मी आलोय. दार उघड."

सेकारने माझ्याकडे बघितलं. मी ओठांवर बोट ठेवलं. पण तिला काय अवदसा आठवली... पोरच ते. ती सवयीने ओरडली, "नवं सांगा!"

बाहेर काही वेळ काहीच नाही.

मग माझ्या आवाजात, अगदी हसत...

"आज धक्क्यावर एका बोकडाने माझी चप्पल पळवली."

सेकार खुदकन हसली आणि कडीकडे धावली. लस्मीने तिला मधेच धरलं.

मी ते वाक्य आयुष्यात कधी बोललो नव्हतो.

खोकलाही आला नाही.

हे सगळं मी आमच्या ओट्यावर बसून फोनवर लिहितोय. कामावरून येऊन बराच वेळ झाला. दाराशी उभा राहून मी सगळं बोलून बघितलं. नवं, जुनं, लग्नातलं, सेकारच्या जन्माच्या वेळचं. सांबालचंही. आतून लस्मी रडते आहे.

"मास, तुम्हीच असाल तर रागावू नका हो," ती म्हणाली. "पण मला आता ओळखता येत नाही. सकाळी उजेडात बघू."

मी रागावलो नाही.

मी आत असतो, तर मीही उघडलं नसतं.