मुरडलेलं नाक आणि मालबेक

मी सांगतोय त्यावर तुमचा काडीचाही विश्वास बसणार नाही. माझ्या पुतणीचाही बसत नाही. ती बघा, मागे कपाट पुसण्याच्या निमित्ताने उभी आहे. हात फडक्यावर, कान माझ्याकडे. पुसू दे तिला. आपण आपली गोष्ट सांगू.

एका वाइनच्या दुकानात एक चाखणारा होता. दुकान मालकाचं, पण नाक याचं. कुठली बाटली घ्यायची नि कुठली परत पाठवायची, हे त्या नाकावर ठरायचं. आणि नाक तरी कसलं! बूच न काढता सांगायचा, की द्राक्षं तोडणारी बाई त्या सकाळी नवऱ्याशी भांडून आली होती.

"काका!"

"बरं, सासूशी. मध्ये बोलू नकोस."

तर एका हिवाळ्यात त्याला ताप आला. ताप गेला, पण जाताना वास घेऊन गेला. रोज सकाळी तो कॉफीच्या कपावर वाकायचा आणि वाफ नुसते गाल ओले करून जायची. जेवण म्हणजे काही मऊ, काही कडक, बस. आईची शाल जपून ठेवली होती, तीही नुसती लोकर झाली. सांगणार कोणाला? मालकाला कळलं तर नोकरी गेलीच. मग तो जुन्या पाठांतरावर मान डोलवत राहिला.

अशाच एका धुक्याने भरलेल्या संध्याकाळी मालक चाखायला येणार होता. याने मालबेकची, म्हणजे गडद तांबड्या वाइनची, बाटली फोडून ग्लास भरून ठेवला. तेवढ्यात दाराची घंटी किणकिणली आणि एक तरुणी आत आली. बोटांना खळ लागलेली, केसांत कागदाचा कपटा. पलीकडच्या गल्लीत पुस्तकांचं बाइंडिंग करायची ती.

"रिकामी खोकी मिळतील का? पुस्तकं ठेवायला—" ती थांबली. तिने हवा हुंगली. "तुमचा पुठ्ठा भिजलाय कुठेतरी."

"इथे पुठ्ठा नाही. खोकीसुद्धा लाकडी आहेत."

"आहे. ओल्या पुठ्ठ्याचा वास मी झोपेतही ओळखीन. पोट आहे माझं त्यावर." वासाचा माग काढत ती थेट ग्लासापाशी आली. "अय्या... यातून येतोय!"

बूच खराब निघालं की वाइनला नेमका ओल्या पुठ्ठ्याचा वास लागतो; हा त्याच्या धंद्यातला पहिला धडा. आणि तोच ग्लास तो मालकाच्या हातात देणार होता.

"तुम्हाला येत नाहीये?"

"जरा... सर्दी आहे."

"नाक तर ठणठणीत कोरडं आहे."

त्याने मुकाट्याने ती वाइन ओतून दिली, दुसरी बाटली फोडली. "आता?"

"आता छान."

"छान म्हणजे काय?"

"छान म्हणजे छान! खोकी मागायला आले, तर परीक्षाच घ्यायला लागलात!"

का कोण जाणे, आजवर कोणालाही न सांगितलेलं त्याने तिला सांगून टाकलं. ती हसली नाही. नुसती म्हणाली, "रोज संध्याकाळी येईन. नाक माझं, जीभ तुमची. बदल्यात खोकी."

आणि ती येऊ लागली. पांढऱ्या कागदासमोर ग्लास तिरका धरून तो दाखवायचा— मध्ये शाईसारखी गडद, काठाशी जांभळट गुलाबी, ही मालबेकची खूण. घोट तोंडात घोळवायला शिकवायचा, हिरड्यांवर रेंगाळणारा मऊसर तुरटपणा ओळखायला शिकवायचा. वासाचं मात्र तिने सांगायचं. चाखणाऱ्यांची भाषा तिला कुठली यायला!

"आलुबुखाराचा जॅम... तळाला जरासा लागलेला."

"शाब्बास. आणखी?"

"नवं चामडं. मोठ्या पुस्तकाच्या पाठीला चढवतो ना, तसलं. आणि मागे कुठेतरी... एक फूल. जांभळं."

"फुलाला रंगाचा वास येतो?"

"तुम्हाला तर कशाचाच येत नाही. ऐका गपगुमान!"

तो ऐकायचा. डोळे मिटून ऐकायचा, आणि त्या मेलेल्या जगात तळाला लागलेला जॅम, चामडं, जांभळं फूल एकेक करून दिवा लागावा तसं उजळायचं. डोळे उघडले की समोर ती— ओठांच्या कोपऱ्यात वाइनचा एक ठिपका. तो सांगावासा वाटे. सांगितला तर ती पुसून टाकेल, म्हणून तो गप्प बसे.

एकदा तिने लाखेचं सील असलेली एक बाटली उचलली, कानामागची पेन्सिल काढली आणि लेबलावर भलंमोठं नाक काढलं. खाली मिशी.

"मला मिशी नाही."

"नाकाला शोभेल अशी ठेवा. तुमचं नाक परत आलं की ही दोघांनी मिळून फोडायची. एकट्याने हात लावाल तर बघा!"

मग दूरच्या शहरातल्या मोठ्या ग्रंथालयातून तिला बोलावणं आलं. जुनी, जर्जर पुस्तकं दुरुस्त करायचं काम. तिच्या हातांना तेच हवं होतं. पण ती म्हणाली, "तुमचं नाक आल्याशिवाय कशी जाऊ? माणूस असा अर्ध्यावर सोडतात का?"

आणि त्याच आठवड्यात नाक आलं.

ती त्याच्या ग्लासावर वाकली होती. आधी खळीचा वास आला. मग तिच्या बाहीवरल्या चामड्याचा. मग ग्लासातून वर आलेलं ते फूल— जांभळंच होतं हो, रंगाचाच वास होता त्याला! त्याचे डोळे भरून आले.

"काय झालं?"

"काही नाही," तो म्हणाला. "तुम्ही सांगा. कसला वास येतोय?"

नाक आलं म्हटलं, की ती जाणार. 'थांबा' म्हणायला जीभ रेटेना, म्हणून याने नाकच झाकून ठेवलं. दिवसामागून दिवस तो डोळे मिटून ऐकत राहिला आणि मनात स्वतःला शिव्या घालत राहिला.

पण बाइंडिंगवालीच ती. उसवलेला टाका तिला लांबून दिसतो. एका संध्याकाळी तिने स्वतःच एक ग्लास भरून पुढे केला. "आहाहा! काय जॅम, काय फूल! घ्या."

याने ग्लास नाकाशी नेला मात्र—

"नाक मुरडलंत," ती हळूच म्हणाली.

"...हं?"

"बूच खराब निघालेली बाटली आहे ती. ओला पुठ्ठा. वास येत नाही तो माणूस नाक कशाला मुरडेल?"

बाहेर धुकं काचेला टेकून उभं होतं.

"कधी आलं?"

"बरेच दिवस झाले."

"उद्या ग्रंथालयाला शेवटचं उत्तर द्यायचंय." तिने ग्लास हळूच बाजूला सरकवला. "एकदा 'थांब' म्हणाला असतात ना, थांबले असते. वेडी आहे मी. पण तुम्ही मला नाकाला धरून थांबवलंत."

ती गेली. खोकी तिथेच राहिली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या बसने ती शहरच सोडून निघाली.

पण थांबा, रुमाल कशाला काढताय? गोष्ट इथे कुठे संपतेय! आपला गडी उठला. नाकवाली बाटली काखोटीला मारली आणि धावत सुटला. धुकं असं, की स्वतःचा हात दिसेना. बसस्थानकावर बसच बस, माणसंच माणसं. त्याने डोळे मिटले आणि नाकासमोर चालत सुटला! डिझेल ओलांडलं, ओले कोट ओलांडले, कोणाच्या तरी डब्यातलं लोणचं ओलांडलं... खळ! चामडं! खिडकीपाशी ती. बस हललेली. हा ओरडला, "थांब!" तर काय सांगू, तिच्याआधी बसच थांबली! ड्रायव्हर म्हणाला, "मला वाटलं, मलाच म्हणालात." ती उतरली, रडता रडता हसली, आणि तिथेच, बाकावर बसून, दोघांनी ती बाटली फोडली. एका बाजूने ती, एका बाजूने तो. शेवटच्या थेंबापर्यंत—

"काका, खोटं."

फडकं थांबलं होतं. पुतणी कपाटाच्या वरच्या फळीवरून काहीतरी दोन्ही हातांनी उतरवत होती.

"ही बघा की. लेबलावर नाक आहे, मिशीसकट. आणि लाखेचं सील अजून जसंच्या तसं."