खालून दुसरी डिस्क

थांबा, मध्ये बोलू नका, माझं डोकं अजून तापलेलंच आहे! आमच्या डबिंग स्टुडिओत कपाटात एक खोकं आहे, चार डिस्कचं रेड. एक डिस्क मेली तर उरलेल्या तिघींवरून तिच्यातलं सगळं परत लिहिता येतं. दोन मेल्या की खेळ खल्लास.

दादा तिथेच रेकॉर्डिस्ट होता. तो गेल्यावर त्याचा आवाज फक्त त्या खोक्यात उरला. प्रत्येक फाइलच्या सुरुवातीला, "टेक एक... टेक दोन..." आणि मी गाढव, घरी कॉपी आणलीच नाही. रेड आहे ना, मग काय!

डिस्क मेली की खोकं कोकलतं. तर आमच्या मालकसाहेबांनी भोंग्याची वायरच कापलेली! म्हणे, रेकॉर्डिंगमध्ये कटकट होते. दोन नंबरची डिस्क आठ महिने मेलेली, कुणाला पत्ता नाही. परवा सकाळी कपाट उघडलं तेव्हा मला लाल दिवा दिसला.

"साहेब, नवी येईपर्यंत हात लावू नका."

"ए शहाणे, तुझ्या दादाला मीच शिकवलंय." आणि वरून मोजायचं सोडून खालून मोजलं, आणि खस्सकन दुसरी उपसली. म्हणजे तीन नंबर. धडधाकट! परत खुपसली तर नुसती टिकटिक करत बसली.

"माझ्या दादाचा आवाज मारलात तुम्ही!"

"आवाज खाली!"

तेवढ्यात स्क्रीनवर आलं: पुनर्लेखन एक टक्का.

कशावरून लिहितंय? दोनच तर उरल्या होत्या! आणि दिवा हिरवा झाला तो दोन नंबरचा. आठ महिने मेलेलीचा.

दुपारी शंभर टक्के. सगळ्या फाइली जागेवर. दादाचं शेवटचं काम टेक सातपर्यंत होतं. खाली टेक आठ. तारीख त्याच दिवसाची.

हेडफोन लावला.

आधी मीच ओरडतेय. मग साहेब, "आवाज खाली!" कपाटाच्या त्या खोलीत माईकच नाहीये.

मग दादाचं खाकरणं. "टेक आठ. चिमणे, एक नंबर जाणार."

मी माझ्या डिस्कवर कॉपी लावली. शेवटची फाइल उतरली आणि एक नंबरचा दिवा लाल झाला. साहेबांचा चेहरा पांढराफटक. पण माफी मागतील तर शपथ!

डिस्क पिशवीत टाकली, तडक घरी. दार उघडल्या उघडल्या आई आतून म्हणाली, "आलीस का गं?"

"हो," म्हटलं आणि डिस्क लावली.

टेक नऊ.

आमच्या मोरीतला गळका नळ. दाराची कडी. आई, "आलीस का गं?"

आणि माझ्याआधी, अगदी जवळून, दादा, "हो."