पहिलं पाणी गुलाबाला

गुलाबाला पाणी घालणं हे काही भिण्यासारखं काम नाही. बादली उचलायची, मागच्या दारानं वळसा घालून पुढच्या बागेत जायचं, बुंध्याशी वाकून हळूहळू ओतायचं, की झालं. त्या घरच्या सुनेनं हे काम पहिल्यांदा केलं तेव्हा तिच्या मनात भीतीबिती काही नव्हती. होता तो फक्त वैताग.

नवऱ्याची बदली एका दूरच्या धरणाच्या कामावर झाली होती. तिथे राहायला पत्र्याच्या खोल्या. त्यात तान्हं मूल न्यायचं कसं? म्हणून नुकती मान धरू लागलेल्या चिमीला घेऊन ती सासूकडे राहायला आली. सासूबाई एकट्याच असत. दोन खोल्यांचं उतरत्या छपराचं घर, पुढे रुमालाएवढी बाग. विटांची अरुंद पायवाट, तिच्या दोन्ही बाजूंना झिनिया, डेलिया, पुदिना, सगळं एकमेकांच्या अंगावर रेलून वाढलेलं. आणि या गर्दीच्या मधोमध तो गुलाब, खांद्याइतका उंच. फिकट गुलाबी फुलं, पाकळ्या इतक्या दाट की आतला पराग कधी दिसायचाच नाही. बाकीची झाडं त्याच्यापासून जरा सरकून उभी आहेत असं पाहणाऱ्याला वाटे.

त्या घरात कपडे धुण्याची एक रीत होती. अंगावरून उतरवलेले कपडे आधी नुसत्या पाण्यात भिजवायचे, साबणाशिवाय. ते पहिलं पाणी गुलाबाचं. त्यानंतर साबण लावायचा. बाकी बागेला नळाचं पाणी चालायचं, गुलाबाला नाही.

"आई, घामट पाण्यानं गुलाब फुलत नसतो," सून म्हणाली. रसायनशास्त्रात पदवी घेऊन शाळेच्या प्रयोगशाळेत शिकवलेली बाई ती. वडीलधाऱ्यांनी नुसतं 'आमच्यात असंच असतं' म्हटलं तरी तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. "त्याला खत लागतं, ऊन लागतं, छाटणी लागते."

"फुलतोय ना?"

"तुमच्या पाण्यामुळे नाही. तुमच्या पाण्याला पुरून उरून फुलतोय."

"मग तुझं काय जातंय? ओत."

तिनं ओतलं. रोज भांडण्यापेक्षा बादली उचलणं सोपं होतं. कधी ती विसरली तर सासूबाई स्वतः तिचं उतरवलेलं पोलकं उचलून भिजत टाकायच्या. स्वतःचे कपडे मात्र त्या थेट साबणातच टाकत. सुनेनं ते पाहिलं होतं, पण म्हातारपणाचा आळस म्हणून सोडून दिलं.

गुलाब त्या वर्षी पिसाटल्यासारखा फुलला. रस्त्यानं जाणारी माणसं फाटकाशी थबकायची. नवरा दोन दिवसांच्या सुट्टीवर आला, तो आधी झाडाशी गेला. एक फूल हुंगून हसतच आत शिरला.

"अगं, ह्याला तर तुझा वास येतोय!"

"म्हणजे कसला? फोडणीचा की दुधाचा?"

"तुझा म्हणजे तुझा. मानेपाशी येतो तो."

"चहाटळपणा पुरे. आई आहेत आत," ती म्हणाली, पण मनातून सुखावली.

रात्री मात्र तो तिच्या शेजारी पडला आणि बराच वेळ तळमळत राहिला. शेवटी उठून त्यानं बागेकडची खिडकी उघडली, तेव्हा कुठे त्याला झोप लागली.

तो गेल्यावर पहिला धक्का शेजारच्या कुत्र्यानं दिला. ती दिसली की लाडानं अंगावर झेपावणारं ते जनावर एका सकाळी तिच्या पायांना घासून पुढे गेलं, जसं खुर्चीला घासून जावं. तिनं हाक मारली. कुत्र्यानं वळून पाहिलं, तिच्या हाताजवळ नाक आणलं, आणि कान पाडून मागे मागे सरकत गेलं. मग फाटकाच्या फटीतून बागेत घुसलं आणि गुलाबाच्या बुंध्याशी अंग टाकून शेपटी हलवू लागलं.

मग चिमीनं अंगावर पिणं सोडलं.

पदराखाली घेतलं की ती क्षणभर चाचपडायची, आणि परक्या बाईनं उचलल्यासारखी हंबरडा फोडायची. वाटीनं पाजावं तर अर्धं ओघळून जायचं. डॉक्टरीणबाईंनी तोंड तपासलं, कान तपासले, वजन केलं. "मूल ठणठणीत आहे, पण वजन उतरतंय. तुमच्याकडेच घेत नाही का? विचित्रच आहे..." शेजारच्या काकू म्हणाल्या, तू फार पुस्तकं वाचतेस, दूध आटतं. दूध आटलं नव्हतं. दूध तिच्या पोलक्यावर सांडत होतं.

एका दुपारी स्वयंपाकघरात उकाड्यानं निथळत असताना तिनं सहज बाहीनं कपाळ पुसलं. बाही नाकाशी आली.

काहीच नाही.

तिनं काख हुंगली. ओलं पोलकं हुंगलं. हाताला कांद्याचा वास येत होता, केसांना तेलाचा. पण त्याखाली जे असतं, जे आपलं आपल्यालाच सांगता येत नाही, ते नव्हतंच. धुतलेली काच हुंगावी तसं. ती तशीच सासूबाईंच्या खोलीत गेली. त्या दुपारच्या झोपेत होत्या. तिनं त्यांच्या मानेशी वाकून श्वास घेतला.

तिथेही काच.

संध्याकाळ उतरत होती. चिमी आत रडून रडून घोगरी झाली होती. सून छाटणीची कात्री घेऊन बागेत उभी होती, आणि सासूबाई पायवाटेवर, अनवाणी.

"काय केलंत तुम्ही माझं?"

"हळू बोल..."

"का? तो ऐकतो?"

सासूबाईंनी चोरट्या नजरेनं झाडाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "तुझे सासरे गेले तेव्हा त्यांचा एक सदरा मी न धुता ठेवला होता. रोज हुंगायचे. मग त्याला बुरशी धरली, म्हणून रडत रडत भिजवला. ते पाणी मोरीत ओतवेना गं... ह्याच्या मुळाशी ओतलं. पुढच्या फुलाला त्यांचा वास आला. तंबाखूचा, दाढीच्या साबणाचा... त्यांचा."

"आणि?"

"सदरे संपले. वास विरायला लागला. मग मी माझं पाणी घातलं. वाटलं, दोघं एकत्र राहू. माझंही संपलं. फुलणं थांबत आलं, पानं गळायला लागली..." त्यांचा आवाज पार खाली गेला. "मग तू आलीस."

"मला विचारायचं तरी होतंत!"

"विचारलं असतं तर तू हसली असतीस."

ते खरं होतं, म्हणूनच तिला जास्त संताप आला. "चिमीचे कपडे? त्यांचं पाणी घातलंत?"

"नाही! कधीच नाही. तेवढी माणुसकी आहे माझ्यात."

"छान. फार उपकार झाले."

तिनं सगळ्यात जाड फांदी धरली आणि कात्री दाबली. फांदी तुटली. ती दुसरीला हात घालणार, तोच आतून चिमीच्या रडण्याचा सूर बदलला. रडणं नव्हतंच ते आता. कुणी दमून हाका मारणं सोडून द्यावं तसं काहीतरी. तिनं कात्री टाकली आणि धावली. तोडलेली फांदी हातात तशीच राहिली होती, टोकाला एक टपोरं फूल.

पाळण्यावर ती वाकली. चिमीनं डोळे उघडले, नाक फेंदारलं. फुलाकडे तोंड वळवून तिनं ओठ चोखल्यासारखे हलवले.

सुनेला कळलं. एवढ्या वर्षांच्या शिक्षणात इतकं लख्ख काही तिला कळलं नव्हतं. तिनं फूल तोडून पोलक्यात खोचलं, चिमीला छातीशी घेतलं. चिमी प्यायली. अधाशासारखी, आईच्या बोटाला मूठ घालून, मधेच सुस्कारे टाकत प्यायली. सून भिंतीला टेकून रडत होती, आणि दारात उभ्या सासूबाईंना आत यायचा धीर होत नव्हता.

फूल उष्णतेनं लवकर कोमेजायचं. कोमेजलं की चिमी तोंड फिरवायची.

फुलं हवी तर झाड जगायला हवं; उरलंसुरलं काही असेल म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी सुनेनं स्वतःचे कपडे भिजवले. आपणहून बादली उचलली, बुंध्याशी वाकली, थेंब न सांडता ओतली. कापलेल्या फांदीच्या जागी तिनं माती आणि शेण लिंपलं. सासूबाई काही बोलायला गेल्या, तर म्हणाली, "एक अक्षर बोलू नका. कीड पडलीय का बघा तिकडच्या पानांवर."

असेच दिवस गेले. चिमी भरली. गालांवर तकाकी आली, कुशीवर वळू लागली. दोघी बायका आळीपाळीनं झाडाची राखण करायच्या. एकमेकींशी बोलणं फक्त कळ्यांपुरतं. नवऱ्याचा फोन आला की सून म्हणायची, सगळं छान आहे. आणि पोलक्यातलं फूल नीट करायची.

मग एका स्वच्छ दुपारी एक नवं फूल उमललं. इतरांसारखंच गुलाबी, इतरांसारखंच दाट. चिमीला कडेवर घेऊन सून ते तोडायला गेली. सवयीनं आधी हुंगलं, आणि तिचा हात जागच्या जागी थांबला.

ते तिचं नव्हतं. तंबाखूचंही नव्हतं. खूप दिवस बंद असलेल्या खोलीचा गारवा असावा, तसं काहीतरी, आणि त्याच्या तळाशी कुणाच्या तरी अंगाचा गोडसर दर्प.

"आई, जरा इकडे या."

सासूबाई आल्या. वाकल्या. बराच वेळ वाकलेल्याच राहिल्या. सरळ झाल्या तेव्हा त्यांचे ओठ पांढरे पडले होते.

"हा कोण?" सून कुजबुजली. "तुमच्या ओळखीचा आहे?"

"नाही गं," त्या म्हणाल्या. "आपल्या घरातला हा कुणीच नाही... हा झाडाचा स्वतःचा."

सुनेनं पाऊल मागे घेतलं. पण कडेवरची चिमी खुदकन हसली. कधीपासूनची ओळख असल्यासारखी, इतक्या उशिरा का आलास म्हणून रुसून पुन्हा हसावं तशी. आणि दोन्ही हात पसरून तिनं झाडाकडे झेप घेतली, इतक्या जोरानं की आईच्या हातांतून ती निसटता निसटता राहिली.