शॅनरा पुलावरची फितुरी

शॅनरा नदीवर पहाट उजाडली. परंतु धक्क्यावर भोंगा वाजला नाही, की धुराड्यांतून धूर उठला नाही. मालकांनी हमालांना कामावरून काढून फाटकांना कुलपे ठोकल्यापासून आयर्लंडमधील ते बंदर श्वास रोखून होते. काठावरच्या करड्या किल्ल्यात मात्र इंग्रज पलटण केव्हाच सज्ज झाली होती.

किल्लेदार कर्नल अ‍ॅशकोमसमोर फिंटन हॅनराहन उभा होता. कधीकाळी याच धक्क्यावर पाठीवरून कोळसा वाहिलेला हा माणूस आता नगरसभेत मजुरांचा प्रतिनिधी होता.

"हॅनराहनसाहेब, आज हमालांचा मोर्चा पुलावर येईल, तेव्हा तुमच्या बाजूने एक जरी गोळी सुटली, तरी माझ्या पलटणीला गोळीबाराचा हुकूम आहे."

"आम्ही निःशस्त्र आहोत, कर्नलसाहेब."

"ईश्वर करो, तसेच असो," म्हणत कर्नल हसला.

त्या हसण्याने फिंटनच्या मनात पाल चुकचुकली. परंतु मोर्चा माघारी फिरवला, तर उपाशी माणसांचा उरलासुरला धीर सुटणार होता.

"मॅलकी, आज माझ्या शेजारून हलू नकोस," किल्ल्याबाहेर येताच तो आपला उजवा हात असलेल्या मॅलकी डनला म्हणाला. मॅलकीने मान डोलावली. नजर मात्र दिली नाही.

मोर्चा पुलाच्या मध्यावर आला, आणि समोर पलटणीच्या संगिनींची रांग दिसताच मॅलकीने कोटातून पिस्तूल उपसले. फिंटनने विचार केलाच नाही. त्याने नळीच्या तोंडावर पंजा दाबला. बार उडाला, गोळी तळहात फोडून नदीवर गेली, आणि वेदनेने डोळ्यांपुढे अंधारी आली असतानाही तो गरजला, "खाली बसा! कुणीही उठू नका!"

मोर्चातले बायकापुरुष ओल्या फरशीवर बसले. पलटणीच्या कप्तानाने तलवार उगारली होती; परंतु बसलेल्या रयतेवर बार काढण्याचा हुकूम त्याच्या तोंडून निघेना. तलवार खाली आली. मॅलकी धावत सुटला तो थेट पलटणीकडे. शिपायांनी रांग फोडून त्याला आत घेतले, तेव्हा फितुरी कुणाची हे साऱ्यांनाच उमगले.

संध्याकाळी संतापलेले हमाल दगड घेऊन मॅलकीच्या घरी आले. तिथे त्याची वृद्ध आई एकटीच होती, आणि उंबऱ्यावर, हाताला रक्ताळलेली पट्टी बांधून, फिंटन बसला होता.

"तिने काय केले आहे?" एवढेच तो म्हणाला.

दगड गळून पडले. मागोमाग आलेल्या शिपायांनी फिंटनला तिथेच कैद केले. पुलावर बार उडालेले पिस्तूल फिंटनचेच, असे कर्नलने शपथेवर सांगितले.

पुढच्या निवडणुकीत बंदराने त्या कैद्याला पार्लमेंटवर पाठवले. नव्याने मताचा हक्क मिळालेल्या बायकांच्या रांगेत त्या दिवशी मॅलकीची आईही उभी होती. मत कुणाला दिले, हे तिने सांगितले नाही. आणि तिला कुणी विचारलेही नाही.