आतल्या खोलीतलं आमेन

ख्रिस्ती घरात कसली आलीयेत भुतं, असं मीच सगळ्यांना सांगायचे. आता सांगत नाही. ही घडलेली गोष्ट आहे आणि मी ती माझ्या कानांनी ऐकली आहे. कुणाला पटो न पटो.

गेल्या वर्षी, उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, दुसऱ्या दिवशी, भूममध्ये. रात्र नव्हती, लाईटही गेली नव्हती. भर दुपार होती.

माझे शिवशरणमामा तिथं एकटेच राहतात. सीतामामींना जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं.

मामी कशा गेल्या ते आधी सांगते, कारण माझा त्याबद्दलचा राग अजून गेलेला नाही.

दरवर्षी मामा करायचे ते नाताळच्या कार्यक्रमाचं सूत्रसंचालन चर्चच्या पाळकसाहेबांनी दुसऱ्याला दिलं. एवढंच झालं होतं. मामांनी चर्चला जाणं सोडलं. पुढं मामी अंथरुणाला खिळल्या. आमच्यात आजारी माणसाला पाळक घरी येऊन प्रभुभोजन देतात, भाकरीचा तुकडा आणि घोटभर द्राक्षरस. मामी रोज तेवढंच मागायच्या.

मामांचं एकच. "त्यो माणूस माझा उंबरा चढणार न्हाय."

मामी तशाच गेल्या.

दफनविधीला मात्र मामा त्याच पाळकांच्या गळ्यात पडून रडले. दोघांचं जुळलं. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.

तर त्या शनिवारी मी धाराशिवहून एसटीनं गेले. पिठलं-भाकरी केली, ताटं वाढली. मामांनी हात जोडले.

"बापा, या अन्नावर आशीर्वाद दे. आमेन."

आणि आतल्या खोलीतून...

"आमेन."

बाईचा आवाज. हळू, दमलेला.

माझा हात ताटावरच थांबला. मामा निवांत भाकरी मोडत होते.

"मामा, आत कोण आहे?"

"तुझी मामी. नाताळपासनं म्हणती."

मी उठून आत बघितलं. कुणी नव्हतं. खिडकीही आतून बंद होती.

"बस. ऐक आता," मामा म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले. "बापा, औंदा पाऊस बरा पाड."

"आमेन."

"निवेदिताला सुखरूप घरी ने."

"आमेन."

माझं नाव ऐकून मी आतल्या दाराकडं वळून बसले.

"बापा, माझ्या पापांची क्षमा कर."

...

काहीच नाही.

पंखा फिरत होता. रस्त्यावर कुणीतरी मोटारसायकलला किका मारत होतं. आम्ही दोघं थांबलो.

तरीही काहीच नाही.

मामांनी ताट सारलं. "वरीस झालं. उपास केले. टेकून टेकून गुडघे गेले माझे. पाळक म्हणत्यात, पश्चात्ताप केलास, देवानं क्षमा केली. मग ही का म्हणत न्हाय?"

मला त्यांची दया यायला हवी होती. आला तो संताप. "अपराध मामींचा केलात. माफी त्यांची मागा की."

"मेलेल्यासंगं बोलाया शास्त्रात मनाई हाय, पोरी. पाळकांनी लई बजावलंय. एका पापाची माफी मागाया दुसरं पाप करू व्हय?"

"आणि रोज त्यांचं आमेन ऐकता ते?"

"म्या नुसतं ऐकतो. बोलत न्हाय."

"मामी जिवंत होत्या तेव्हाही तुम्ही हेच केलंत," मी म्हणाले.

मामांनी ताटात हात धुतला. मग उठले. आतल्या खोलीच्या दारापाशी गेले, चौकट धरून उभे राहिले.

"अगं... तू मागत व्हतीस. म्या माझ्या मानापायी पाळकाला येऊ दिलं न्हाय. माफ कर मला."

एवढं बोलले आणि तिथंच खाली बसून हमसून हमसून रडायला लागले. दफनविधीलाही ते असे रडले नव्हते.

आतून आमेन आलं नाही.

त्यानंतर कधीच आलं नाही. जेवणाच्या प्रार्थनेलासुद्धा नाही. पाळकसाहेब म्हणतात, बरं झालं, विषय संपला. पश्चात्तापी माणसाला देव माफ करतो, यावर माझाही विश्वास आहे. पण मामांचा विषय संपलेला नाही. ते आता प्रार्थनाच करत नाहीत. फोन केला की तेच.

"निवेदिता, ती माफ करून गेली का तशीच गेली? म्या रडत व्हतो. तू व्हतीस तिथं. तुला काय ऐकू आलं का?"

मी दर वेळी नाही म्हणते. आणि दर वेळी खोटं बोलते.

मामांचं रडणं चालू असताना आत बाज करकरली होती... पडलेल्या माणसानं कूस बदलावी तशी. त्या खोलीत बाज नाही. मामी गेल्यावर मामांनीच ती कुणाला तरी देऊन टाकली होती.

कूस बदलली, एवढं नक्की. पण मामांकडं वळून, की भिंतीकडं तोंड करून, ते नुसत्या आवाजावरून कसं कळणार?

मामांना मी काय सांगू?